आपल्या वऱ्हाडची जुनी राजधानी

मंडळी, प्रवास म्हटला की आपण कुठे जातो? आषाढीला पंढरपूरला जातो. गजानन महाराजांच्या दर्शनाला शेगावला जातो. सवड आणि पैसा असला तर काशी करतो आणि वाटेत आग्र्याचा ताजमहाल पाहतो. घरी आलो की चार दिवस त्याच गोष्टी सांगतो.

पण अमरावतीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आपल्या वऱ्हाडची जुनी राजधानी उभी आहे. ती आपल्यापैकी किती जणांनी पाहिली? बाजाराला आपण तिथे गेलो असू, सोयरिकीला गेलो असू. पण राजधानी म्हणून ती पाहिली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ती राजधानी म्हणजे अचलपूर. जुनी माणसे तिला एलिचपूर म्हणत. ईल नावाच्या राजाने हे गाव वसवले आणि त्याच्यावरून ते नाव पडले, असे लोक सांगतात. परतवाडा हे बाजाराचे गाव त्याला अगदी लागून आहे.

या धड्यात आम्ही तुम्हांला अचलपूर आणि त्याच्या आसपासचे किल्ले दाखवणार आहोत. ते पाहावे कसे आणि सांभाळावे कसे, हेही सांगणार आहोत.

राजधानी इथेच का झाली?

राजा कुठेही राहत नाही. राजधानीला चार गोष्टी लागतात. पाणी लागते. धान्य आणि पैसा देणारी काळी जमीन लागते. येण्याजाण्याची वाट लागते. आणि संकटाच्या वेळी पाठ टेकायला डोंगर लागतो.

अचलपूरला या चारही गोष्टी आहेत. गावाजवळून सापन आणि बिच्छन या नद्या वाहतात. दक्षिणेला पूर्णा नदीच्या खोऱ्याची काळी जमीन पसरली आहे. तिला पूर्वी पयनघाट म्हणत. पयनघाट म्हणजे घाटाखालचा मुलूख. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड ही म्हण आपण ऐकतो, ती याच जमिनीमुळे. उत्तरेला मेळघाटचे डोंगर भिंतीसारखे उभे आहेत. आणि उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या वाटा या डोंगरांतून इकडे येतात. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला, तेव्हा त्याचा मुक्काम अचलपुरात पडला होता.

म्हणजे राजधानी राजाने वसवली हे खरे. पण ती पोसली कोणी? पयनघाटात नांगर धरणाऱ्या माणसाने पोसली. वाडे बांधले ते त्याच्या साऱ्यातून. दगड फोडले बेलदारांनी, कमानी चढवल्या गवंड्यांनी. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. म्हणून तुम्ही हे दगड पाहाल तेव्हा राजाची आठवण करा, तशी त्यांचीही करा.

कोण कोण राज्य करून गेले?

साडेसहाशे वर्षांपूर्वी दक्षिणेत बहामनी सुलतानांचे मोठे राज्य होते. वऱ्हाड हा त्यांचा एक प्रांत होता. त्या प्रांतावर फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क नावाचा सुभेदार होता. त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. तो जन्माने दक्षिणेकडचा, विजयनगरच्या मुलखातला हिंदू मुलगा. लढाईत तो लहानपणी कैद झाला. मुसलमान म्हणून वाढला, हुशारीने वर चढला आणि सुभेदार झाला.

पुढे बहामनी राज्य फुटले. त्याचे पाच तुकडे झाले: अहमदनगर, विजापूर, बिदर, गोवळकोंडा आणि आपले वऱ्हाड. १४९० साली फतेहउल्ला स्वतंत्र झाला. त्याच्या घराण्याला इमादशाही म्हणतात. या घराण्याची राजधानी अचलपूर.

ही राजवट ८४ वर्षे टिकली. शेवटी गादीवर बुऱ्हाण नावाचा कोवळा राजा होता. त्याच्या तुफालखान नावाच्या कारभाऱ्याने त्यालाच नरनाळा किल्ल्यावर कैदेत ठेवले आणि सत्ता बळकावली. घरात भांडण लागले की शेजारी टपलेलाच असतो. अहमदनगरचा मूर्तजा निजामशहा चालून आला. १५७४ साली त्याने नरनाळा घेतला आणि इमादशाही बुडाली. १५९६ साली अहमदनगरच्या चांदबीबीला वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. मोगलांनंतर निजाम आला. निजामाच्या अमदानीत अचलपुरात नवाब राहत. नागपूरकर भोसल्यांचाही या मुलखावर अंमल होता.

अचलपुरात काय पाहावे?

पहिल्यांदा वेशी पाहा. जुन्या शहराला भोवती तट होता आणि तटात दरवाजे होते. तट बराच पडला आहे, पण दरवाजे अजून उभे आहेत. त्यांतला दुल्हा दरवाजा प्रसिद्ध आहे. शहराबाहेर दुल्हा रहमान शहा यांचा दर्गा आहे.

दरवाजातून नुसते पुढे जाऊ नका. आत थांबा आणि बाजूला पाहा. जुन्या वेशींच्या आत दोन्ही अंगांना ओटे असतात, त्यांना देवडी म्हणतात. तिथे पहारेकरी बसत. वर तटाला दात असल्यासारखा आकार असतो, त्या चर्या. तटात अरुंद तिरपी भोके असतात, त्या जंग्या. आतल्या माणसाला जंगीतून बाहेर नेम धरता येतो. बाहेरच्याला मात्र आतला माणूस दिसत नाही. एवढे तीन शब्द लक्षात ठेवले तरी कुठलाही किल्ला तुमच्याशी बोलू लागेल.

मग शहराबाहेर हौज कटोरा पाहायला जा. हौज म्हणजे पाण्याची टाकी, कटोरा म्हणजे वाटी. वाटीसारखे गोल तळे आणि त्याच्या मधोमध आठ कोनांची माडी अशी ही रचना आहे. तिचे तीन मजले आज उभे आहेत. ही इमादशाहीच्या वेळची इमारत आहे, असे म्हणतात. उन्हाळ्यात वऱ्हाडचे ऊन कसे असते ते आम्ही सांगायला नको. पाण्यावरून येणारा वारा थंड लागतो. वावरातल्या विहिरीवर निंबाखाली बसणाऱ्याला हे ठाऊक आहे. राजालाही तेच ठाऊक होते, एवढेच.

राजधानीची पाठराखण: गाविलगड

राजधानी सपाट रानात. शत्रू आला तर जायचे कुठे? म्हणून मागच्या डोंगरात दोन बळकट किल्ले राखले होते. एक गाविलगड आणि दुसरा नरनाळा.

परतवाड्याहून घाट चढून सुमारे तीस किलोमीटरवर चिखलदरा लागतो. त्याच्या जवळच गाविलगड आहे. पूर्वी इथे गवळ्यांची वस्ती होती, त्यांच्यावरून हे नाव पडले असे मानतात. १४२५ साली अहमदशहा बहामनीने इथे बळकट बांधकाम केले. पुढे फतेहउल्लाने ते आणखी पक्के केले.

गडाचा दिल्ली दरवाजा नीट पाहा. त्यावर सिंह आणि हत्ती कोरले आहेत. दोन तोंडांचा एक पक्षीही आहे. त्याला गंडभेरुंड म्हणतात. तो विजयनगरच्या बाजूला फार दिसतो. मग तो इथे वऱ्हाडच्या डोंगरात कसा आला? फतेहउल्लाचे जन्मघर कुठे होते, ते आठवा. त्याने घर सोडले, धर्म बदलला, तो राजा झाला. तरी गावाकडची खूण त्याच्या मनात राहिली असावी, असे जाणकार म्हणतात.

या गडावर मोठी लढाई झाली. १८०३ साली इंग्रजांचे भोसले आणि शिंदे यांच्याशी युद्ध चालू होते. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला मराठ्यांची फौज हरली. मग इंग्रज गाविलगडावर आले. किल्लेदार बेनीसिंग गड लढवत होता. इंग्रजांनी जड तोफा डोंगरातून, रस्ता नसताना, माणसांकडून ओढत वर नेल्या. तटाला खिंडार पडले. आतला दुसरा तट काही शिपाई शिडी लावून चढले. त्यांनी आतून दरवाजा उघडला आणि १५ डिसेंबरला गड पडला. बेनीसिंग लढता लढता मारला गेला. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. पुढे १८१५ साली त्यानेच युरोपात वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवले. जगाच्या इतिहासात ज्याचे नाव आहे, तो माणूस आपल्या चिखलदऱ्याच्या डोंगरात लढून गेला आहे.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगाव येथे भोसल्यांनी तह केला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला.

नरनाळा: बावीस तळ्यांचा किल्ला

दुसरा किल्ला अकोला जिल्ह्यात आहे. अकोल्याहून अकोटला जावे, तिथून शहानूर गावाला. शहानूरवरून नरनाळ्याची चढण सुरू होते.

इथला महाकाली दरवाजा पाहिल्याशिवाय परत फिरू नका. पांढरट दगडाचा हा दरवाजा आहे. त्यावर कमळे कोरली आहेत, बाजूला सज्जे काढले आहेत. वर सुंदर वळणाची अक्षरे आहेत. ती आपल्याला वाचता येत नाहीत, पण त्यांत दरवाजाचे साल आहे. १४८७ साली फतेहउल्लाने तो बांधवला. तेव्हा तो अजून सुभेदारच होता. दगडावरच्या त्या ओळींमुळे हे आज आपल्याला कळते. राजेहो, अक्षराची हीच ताकद आहे. बांधणारा गेला, त्याचे राज्य गेले, पण लिहिलेले राहिले.

गडावर नऊगजी नावाची लांब तोफ आहे. पण शेतकऱ्याने तोफेपेक्षा तळी जास्त निरखावीत. गडावर २२ तळी आहेत, असे सांगतात. सर्वांत मोठे शक्कर तलाव. डोंगरमाथ्यावर विहीर लागणार नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते. म्हणून पावसाचा थेंब उताराला बांध घालून अडवला. आज आपण बांधबंदिस्ती आणि शेततळे म्हणतो, ते त्यांनी पाच-सहाशे वर्षांपूर्वी गडावर करून दाखवले. पाणी अडवले तर डोंगरावरही माणूस राहतो, हा नरनाळ्याचा धडा आहे.

नरनाळा आता वाघाच्या राखीव जंगलात येतो. मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प १९७४ साली सुरू झाला. म्हणून शहानूरच्या नाक्यावर नोंद करूनच वर जावे. एकट्याने रानात शिरू नये. दिवस मावळण्याआधी खाली उतरावे.

बाळापूर: दोन नद्यांमधला किल्ला

मोगल आले आणि फौजांचे येणेजाणे वाढले. तेव्हा अकोल्याजवळचे बाळापूर हे मोठे लष्करी ठाणे झाले. मन आणि म्हैस या नद्यांच्या मध्ये उंचवट्यावर इथला किल्ला आहे. तो औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केला आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ साली पुरा केला. किल्ल्याचे तट उत्तम पक्क्या विटांचे आहेत. एकात एक असे तीन दरवाजे आहेत. पावसाळ्यात नद्या फुगल्या की किल्ल्याला एक बाजू सोडून पाण्याचा वेढा पडे. म्हणजे निसर्गच खंदक भरून देई. किल्ल्याखाली बाळादेवीचे देऊळ आहे. तिच्यावरून गावाला बाळापूर म्हणतात.

नदीकाठी काळ्या दगडाची एक सुबक छत्री आहे. ती मिर्झाराजे जयसिंगाने बांधली. १६६५ साली पुरंदरला शिवाजी महाराजांशी तह केला, तोच हा जयसिंग.

राजधानी गेली कशी?

गाविलगड पडला म्हणून अचलपूर ओस पडले नाही. त्याचे मोठेपण हळूहळू गेले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. इंग्रजांनी कचेऱ्या अमरावतीला आणि अकोल्याला नेल्या. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. ती अकोला आणि बडनेऱ्यावरून गेली. कापसाचा बाजार रेल्वेच्या मागे गेला. अचलपूर बाजूला राहिले. त्याचा वेगळा जिल्हा होता, तोही १९०५ साली अमरावतीत मिळवला. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी छोटी गाडी १९१३ साली सुरू झाली. लोक तिला प्रेमाने शकुंतला म्हणत. आता तीही बंद आहे.

पाहा, वाटेमुळे अचलपूर राजधानी झाले आणि वाट बदलली तशी राजधानी हलली. गावाच्या भाग्यात रस्त्याचा केवढा वाटा असतो, ते यावरून कळते.

चम्मकच्या शेतकऱ्याचा नांगर

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. अचलपूरजवळ चम्मक नावाचे गाव आहे. तिथे १८६८ च्या सुमारास वावर नांगरताना तांब्याचे लिहिलेले पत्रे सापडले. नांगरणाऱ्याने ते मोडीत विकले असते, तर त्याला तांब्याचे चार पैसे मिळाले असते. पण पत्रे राहिले आणि जाणकारांनी ते वाचले.

काय निघाले त्यांत? तो दीड हजार वर्षांपूर्वीचा जमिनीचा दानपट होता. वाकाटक घराण्यातल्या दुसऱ्या प्रवरसेन राजाने चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिले होते. चर्मांक म्हणजेच चम्मक. गावाकडून कर घेऊ नये, चराई, कातडी, कोळसा, फुले, दूध मागू नये, शिपायांनी गावात शिरू नये, असे त्यात लिहिले आहे. आणि घेणाऱ्यांनाही अटी आहेत. राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांना त्रास देऊ नये, तोवरच हे दान चालेल. आजच्या पट्ट्यावर अटी असतात तशाच. आपल्या गावाचा दीड हजार वर्षांचा सातबारा नांगराच्या फाळाला लागला, असेच म्हणा ना!

आता उलट बाजू पाहा. किल्ल्यात किंवा पडक्या देवळात गेलो की आम्हांला पुष्कळदा ताजे खड्डे दिसतात. कोणीतरी रात्री कुदळ चालवलेली असते. जवळ लिंबू, कुंकू पडलेले असते. गुप्तधनाचा नाद! एखादा मांत्रिक येतो, अमक्या बुरुजाखाली हंडा आहे म्हणतो, पैसे उकळतो आणि नाहीसा होतो. धन तर मिळत नाही. पाया मात्र उकरला जातो आणि चारशे वर्षांचा बुरूज पुढच्या पावसात बसतो. दुसरे कोणी घडीव दगड बंडीत घालून घरच्या पायाला नेतात. तिसरे भिंतीवर आपले नाव कोरतात. अक्षर शिकलो ते कागदावर लिहावे. महाकाली दरवाजावर फतेहउल्लाने लिहिले, कारण तो त्याने बांधवला होता. आपण काय बांधले म्हणून तिथे नाव लिहावे?

कायदा काय म्हणतो तेही ध्यानात ठेवा.

१९५८ च्या कायद्याप्रमाणे सरकारने राखलेली जुनी इमारत मोडणे किंवा खराब करणे हा गुन्हा आहे. २०१० पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा इमारतीपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी काढावी लागते.

गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ती कलेक्टरला लेखी कळवावी लागते. लेखी म्हटले म्हणून आता घाबरायचे कारण नाही. तुम्ही लिहायला शिकला आहात. काय सापडले, कुठे सापडले, कधी सापडले, एवढ्या तीन ओळी लिहा. तहसील कचेरीत द्या आणि पोच घ्या. सापडलेली वस्तू घासू नका, वितळवू नका. तिच्यावरच्या एका ओळीत कदाचित तुमच्याच गावाचे जुने नाव असेल.

जाताना एवढे करा

हिवाळ्यात जावे. पावसाळ्यात दगड निसरडे होतात आणि वैशाखात ऊन झेपत नाही. अचलपूर आणि गाविलगड एका फेरीत करा. नरनाळ्याला दिवस वेगळा ठेवा. बाळापूर अकोल्याहून एका दिवसात होते. परतवाड्याला, अकोटला आणि बाळापूरला एस. टी. जाते. २०२३ साली बायांना तिचे अर्धे तिकीट झाले, म्हणून घरच्या बाईमाणसालाही बरोबर न्या. तिने तरी गाव सोडून काय पाहिले आहे? भाकरी, पिठले आणि पाणी बरोबर घ्या. उरलेले कागद, पिशव्या परत आणा.

दर्ग्यात, देवळात, मशिदीत जाताना पायताण बाहेर काढा. हा किल्ला अमक्याचा, ती छत्री तमक्याची, अशी वाटणी करू नका. बहामनी, इमादशाही, मोगल, निजाम, भोसले, सगळे आले आणि गेले. इमारती वऱ्हाडात राहिल्या, त्या वऱ्हाडच्या झाल्या.

आणि घरी आल्यावर आपल्याच गावात फिरून पाहा. पाराजवळ एखादा वीरगळ असेल, जुनी बारव असेल, मातीची गढी असेल. म्हाताऱ्या माणसांना विचारा. ते सांगतील ते वहीत उतरून ठेवा, खाली तारीख घाला. आज जे कोणाच्या तोंडी आहे, ते उद्या त्याच्याबरोबर जाईल. वहीत आले तर राहील.